हे इमान कुठी जाते?

नमस्कार श्रोतेहो, राम राम. जेवणं झाली असतील, नसतील झाली तर ताट घेऊनच बसा रेडिओजवळ, मला काही हरकत नाही.

आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल की इकडं कपाशीत बोंडअळी शिरली अन् हा गडी विमानाचं सांगून राह्यला. पण आता विमान काही आपल्याला लांबचं राह्यलं नाही. नागपूरचं तर होतंच, अन् १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोऱ्यावरून पण मुंबईचं विमान सुटतं. पोरं पुण्याला, बंगलोरला, हैदराबादला, म्हणजे मायबापाचं जाणंयेणं आलंच. अन् जाणंयेणं आलं की चुकीच्या गाडीत बसणं पण आलं.

चुकीच्या एसटीत आपण सगळेच बसलोय. आपल्याकडं वडगाव किती, पिंपळगाव किती, खैरी किती, मोजत बसा. पण एसटीत चुकलं तर कंडक्टर तिकीट फाडायच्या आधी विचारतो, कुठं उतरायचं? तुम्ही सांगता, तो म्हणतो ही गाडी तिकडं नाही जात, उतरा पुढच्या फाट्यावर. झालं. मी तर म्हणतो एसटीच्या कंडक्टरएवढं पक्कं चेकिंग जगात कुठंच नाही, पन्नास-साठ माणसांचे चेहरे अन् त्यांची गावं त्याच्या डोक्यात असतात. आता त्या लाल अक्षराच्या सरकत्या पाट्या लावल्या गाड्यांवर, उन्हात काही दिसत नाही, नजर जाईस्तोवर गावाचं नाव सरकून जातं. जुनी रंगवलेली पाटीच बरी होती. असो.

तर विमानाचं. तुम्हाला वाटत असेल तिथं इतकं चेकिंग, इतके पोलीस, तिथं कसं चुकेल माणूस? चुकते. २०१७ च्या नोव्हेंबरात दिल्लीहून इंदूरला निघालेला एक प्रवासी थेट आपल्या नागपुरात उतरला होता. तिकीट इंदूरचं, माणूस नागपुरात. कंपनीनं कर्मचाऱ्यांना निलंबित केलं तेव्हा. मग २०२३ च्या जानेवारीत दिल्लीहून पाटण्याला निघालेला माणूस उदयपूरला पोचला, अन् त्याला कळलं कधी, तर उतरल्यावर! त्याची तर डीजीसीएनं, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, चौकशी लावली. अमेरिकेत २०२२ साली एक बाई निघाली फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला, मधातच गेट बदललं, अन् ती उतरली जमैकात. दुसरा देश, अन् जवळ पासपोर्ट नाही.

आता हे होतं कसं ते थोडक्यात सांगतो. गेटवर तुमचा बोर्डिंग पास मशीनवर धरतात, दुसऱ्या विमानाचा असला की मशीन बोंबलते. पण घाईत कोणी मशीनचं ऐकलं नाही, किंवा मशीनवर न धरता नुसता डोळ्यानं पाहून सोडून दिलं, की गेला माणूस. अन् दुसरी जागा म्हणजे गेटच्या पुढं. विमान लांब उभं असलं की बसनं नेतात, एकाच वेळी दोन-दोन विमानांच्या बसा बाजूबाजूला लागतात, तिथं घोळ होतो. लक्षात ठेवा, गेटच्या पुढं घोळ होतो. विमानाच्या पायऱ्यांपाशी पुन्हा पास पाहतात, मग आत माणसं मोजतात, पण पाहणारा पण माणूसच. दिवसभराचा थकलेला.

आता माझ्या मामाचं ऐका. हे सांगायसाठीच मी हा विषय घेतला, खोटं कशाला बोलू.

माझा मामा दारव्ह्याकडचा, सहा एकर कपाशी अन् तूर. त्याची पोरगी पुण्याला, तिचं दुसरं बाळंतपण, म्हणून मामा-मामी दोघं गेले डिंकाचे लाडू घेऊन. जाताना रेल्वेनं गेले. येताना जावयानं हौसेनं विमानाचं तिकीट काढून दिलं, रात्रीचं, पुणे ते नागपूर. मामा आधी कधी बसला नव्हता. मी आपला शहाणा भाचा, मी फोनवर सांगितलं की मामा, तिथं आपल्या बसस्टँडसारखं ‘हे गाडी कुठी जाते, हे गाडी कुठी जाते’ असं दहा जणांना विचारू नको, लोक हसतात. पाट्या असतात, वाचायचं अन् गुपचूप बसायचं.

हे मी सांगितलं होतं. लक्षात ठेवा, मीच सांगितलं होतं.

तर सिक्युरिटीत मामाचा अडकित्ता काढून घेतला. पितळी, त्याच्या बापाचा. आत न्यायला बंदी, म्हणे पात्याचं आहे. मामाचा चेहरा तिथंच उतरला, मग तो मामीशी पण बोलेना. दोघं गेटपाशी बसून राह्यले. थोड्या वेळानं भोंग्यावर इंग्रजीत काहीतरी पुकारलं, शेवटी ‘पूर’ ऐकू आलं, मामी उठली, मामा उठला. पास मशीनवर धरला, हिरवा लाईट लागला, सगळं बरोबर. खाली बस उभी. मामी वायरची पिशवी घेऊन चढली, बस भरली, अन् तिथल्या पोरानं मामाला हात आडवा केला, काका, पुढच्या बसनं या. बस गेली. बाजूच्या दारातून दुसरी लाईन बाहेर पडत होती, त्यांच्यासाठी दुसरी बस लागली, तिथली पोरगी ‘…पूर, …पूर’ करून राह्यली होती. मामानं ऐकलं पूर. बसला.

नागपूर पण पूर अन् जयपूर पण पूर.

विमानाच्या पायऱ्यांपाशी एकानं पास मागितला. मामानं तोवर त्या पासाच्या चार घड्या करून बंडीच्या खिशात ठेवला होता, सातबाऱ्यासारखा. अर्धा उलगडून दाखवला, त्या अर्ध्यात फक्त नाव अन् सीट नंबर दिसत होता, १४ सी. अंधारात त्यानं पण मान हलवली. मामा आत गेला, १४ सी रिकामी, बसला. ती सीट भरलेली असती ना, तर एका खुर्चीवर दोघं म्हणून तिथंच भांडण झालं असतं अन् चूक सापडली असती. रिकाम्या सीटनंच घात केला.

बाजूला मारवाडी कुटुंब, लग्नाला चाललेलं, डब्यातून शेव काढून मामाला दिली. मामाला शंका यायचं कारण नाही, कारण आपल्याकडं दारव्ह्याच्या बाजारात पण कितीतरी दुकानं मारवाड्यांचीच, मामा त्यांच्याशी कापसाच्या भावाचं बोलत बसला. मामी कुठी आहे? तर मामाला वाटलं पुढं बसली असंल, रागात आहे, बोलायचं नाही.

आता इकडं काय झालं. जयपूरच्या विमानाचं दार लावायच्या आधी विमानातली पोरगी हातात टिकटिक मशीन घेऊन माणसं मोजत गेली. मामा म्हणे, “बकऱ्या मोजते तशी मोजून राह्यली होती.” एकदा मोजली, पुन्हा मोजली. एक माणूस जास्त. अन् तिकडं नागपूरच्या विमानात एक माणूस कमी, अन् मामी मधल्या वाटेत उभी! मामी सांगे, आमचे मालक आल्याबिगर मी बुड टेकवणार नाही. सगळे बसल्याशिवाय विमान हलवत नाहीत, हे मामीला कोणी सांगितलं नव्हतं, पण बाईनं नेमकी नस पकडली होती. बेल्ट लावा म्हणे, तर मामी म्हणे, “तूच लाव व माय, मले माहा माणूस पाह्यजे.”

मग वॉकीटॉकीवर बोलणं झालं अन् जयपूरच्या विमानात मामाच्या नावानं पुकारा झाला. मामानं ऐकला. अन् हू की चू केलं नाही. का? तर त्याचं म्हणणं, तलाठी ऑफिसात नाव घेऊन पुकारलं की आपल्यावर कायतरी बाकी निघते, म्हणून गप राह्यलेलं बरं. शेवटी ती पोरगी एकेकाचा पास पाहत चौदा नंबरवर आली. मामानं बंडीतून ती पुडी काढली, चारी घड्या उलगडल्या. “काका, ये तो नागपूर का है, ये फ्लाईट जयपूर जा रही है.”

मामा म्हणे, “मंग थांबवा नं.”

थांबलेलंच होतं ते. मामाला एका जीपमध्ये बसवलं, इकडून तिकडं नेलं. नागपूरच्या विमानात चढला तर सगळं विमान त्याच्याकडं पाहून राह्यलं, अर्धा तास खोळंबले होते बिचारे. अन् मामी तिथंच उभी, वायरची पिशवी छातीशी धरून. ती काय म्हणाली असेल? “अडकित्ता गेला तं गेला, डोक्सं बी तिथंच ठेवलं काय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाचा फोन. “बाबू, तुह्यानं झालं. मी तं इचारणारच होतो.”

अन् खरंच होतं ते. माणसानं आयुष्यभर यवतमाळच्या स्टँडवर प्रत्येक गाडीला विचारलं, एकदा चुकला नाही, अन् भाच्यानं इंग्रजी शहाणपण शिकवलं त्या दिवशी चुकला.

म्हणून तुम्ही जाल तेव्हा पासवर दोन गोष्टी पाहा, विमानाचा नंबर अन् गावाची तीन अक्षरं. नागपूरची एनएजी, जयपूरची जेएआय. विमानाचा नंबर अन् तीन अक्षरं. गेट नंबर पाठ करू नका, तो बदलतो. अन् बशीत चढताना विचारा, पायऱ्यांवर विचारा, आत बसल्यावर बाजूच्याला विचारा.

चुकीचं विमान म्हटलं की एक जुनी गंमत आठवते. १९३८ साली अमेरिकेत कॉरिगन नावाच्या पायलटनं समुद्र ओलांडायची परवानगी मागितली, मिळाली नाही. तर गडी न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला म्हणून उडाला अन् अठ्ठावीस तासांनी आयर्लंडात उतरला, अन् वर म्हणे होकायंत्र चुकीचं वाचलं! शेवटपर्यंत कबूल झाला नाही. मामाला हे सांगितलं तर मामा म्हणे, “त्याले कोणी अडवलं असंल, मले तं तू अडवलं.”

मागच्या महिन्यात मामा पुन्हा पुण्याला गेला, नातवाच्या वाढदिवसाला, यावेळी नागपूरहून, अन् मी सोबत होतो. अडकित्ता नव्हता, सुपारी घरूनच कातरून आणली होती. गेटवर विचारलं, हे इमान पुण्यालेच जाते नं? हो काका. पायऱ्यांवर विचारलं. हो काका. दारातल्या पोरीला विचारलं, ती हसून म्हणाली हो काका, पुण्यालाच. मी खाली मान घालून मागं उभा. मामा सीटवर बसला, बेल्ट लावला, अन् बाजूला कानात हेडफोन घातलेला एक सूटवाला बसला होता त्याच्या खांद्याला हात लावून मोठ्यानं विचारलं, “साहेब, हे पुण्यालेच जाते नं?”

त्यानं एक हेडफोन काढला, मामाकडं पाहिलं, अन् मग हळूच मोबाईल काढून आपला पास पाहायला लागला.