दुधाच्या पैशावर उभा राहिलेला पार्मा

12 मे 1999, मॉस्कोचे लुझ्निकी स्टेडियम. यूएफा चषक या युरोपीय क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या मार्सेचा अनुभवी बचावपटू लोराँ ब्लाँ चेंडू डोक्याने आपल्याच गोलरक्षकाकडे परत धाडतो. चेंडू कमी पडतो, आणि त्यावर टपून बसलेला, इटलीच्या पार्मा क्लबचा एर्नान क्रेस्पो तो पुढे आलेल्या गोलरक्षकावरून अलगद जाळ्यात सोडतो. पुढे वानोलीचा हेडर आणि एन्रिको किएझाची झणझणीत व्हॉली यांच्या जोरावर पार्माने हा सामना 3-0 असा एकतर्फी जिंकला. गोलपोस्टमध्ये जियानलुइजी बुफॉन, त्याच्यापुढे लिलियन तुराम आणि फाबियो कान्नावारो, मधल्या फळीत हुआन सेबास्तियन वेरॉन असा हा संघ होता. एवढे खेळाडू एका संघात जमवणे मिलान किंवा ज्युव्हेंटसलाच शोभावे, पण पार्मा हे जेमतेम दोन लाख वस्तीचे, चीज आणि हॅमसाठी ओळखले जाणारे शहर आहे, आणि तिथल्या तार्दिनी स्टेडियममध्ये तीस हजार प्रेक्षकही मावत नाहीत.

1913 मध्ये स्थापन झालेला हा क्लब पहिली 77 वर्षे सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेत, कधी खेळलाच नव्हता. शहराला लागून असलेल्या कोल्लेक्कियो गावात कालिस्तो तान्झी यांची पार्मालात ही कंपनी होती. फ्रिजशिवाय महिनोन्महिने टिकणारे दूध खोक्यांत भरून विकण्याचा तिचा धंदा ऐंशीच्या दशकात झपाट्याने वाढत होता. आधी जर्सीवरचे नाव म्हणून आलेली ही कंपनी 1990 मध्ये, क्लब पहिल्यांदाच सेरी आमध्ये पोहोचला त्याच वर्षी, त्याची मालकीण झाली. तान्झी यांना फुटबॉलचे वेड होते असे म्हणण्यापेक्षा जाहिरातीचे गणित पक्के कळत होते असे म्हणणे अधिक योग्य ठरेल, कारण त्याच काळात ब्राझीलच्या पाल्मेरास क्लबच्या जर्सीवरही हेच नाव झळकू लागले होते.

पैसा तान्झींचा असला, तरी संघ घडवला तो प्रशिक्षक नेवियो स्काला यांनी. तीन मध्यवर्ती बचावपटू आणि दोन्ही कडांनी संपूर्ण मैदान धुंडाळणारे बेनारिव्हो व दी कियारा हे विंगबॅक, अशी त्यांची रचना होती. ज्या काळात इटालियन संघ एका गोलची आघाडी मिळाली की दारे लावून बसत, त्या काळात पार्मा पुढे सरकत राहायचा. 1992 मध्ये कोप्पा इतालिया हा इटलीचा राष्ट्रीय चषक, 1993 मध्ये वेम्बलीवर बेल्जियमच्या अँटवर्पला 3-1 असे हरवून कप विनर्स कप हा देशोदेशीच्या चषकविजेत्यांचा युरोपीय चषक, आणि त्यानंतर मिलानला त्याच्याच सान सिरोवर नमवून युरोपियन सुपर कप, अशी ही चढण होती. पुढच्या वर्षी कोपनहेगनमध्ये आर्सेनलकडून एका गोलने हार पत्करावी लागली. पण 1995 च्या यूएफा चषकाच्या दोन टप्प्यांच्या अंतिम लढतीत दिनो बाज्जोने दोन्ही सामन्यांत गोल केले, तेही ज्युव्हेंटसविरुद्ध, जिथून तो त्याच मोसमाच्या सुरुवातीला पार्मात आला होता. 1992 ते 2002 या दहा वर्षांत क्लबने आठ मोठे चषक जिंकले. लीगचे विजेतेपद मात्र कधीच हाती आले नाही. 1997 मध्ये, कार्लो आन्चेलोत्ती प्रशिक्षक असताना, ते अवघ्या दोन गुणांनी हुकले.

मॉस्कोच्या विजयानंतर काही आठवड्यांतच वेरॉन लाझिओकडे आणि किएझा फिओरेन्तिनाकडे गेला. पुढल्या वर्षी क्रेस्पो, 2001 मध्ये बुफॉन व तुराम, आणि 2002 मध्ये कान्नावारो गेला. चाहते चिडले, पण तिकीटविक्रीतून असल्या संघाचे पगार निघणे मुळातच अशक्य होते. क्लबचा डोलारा मालकाच्या तिजोरीवर उभा होता, आणि तिजोरीत काय आहे हे बाहेर कोणालाच ठाऊक नव्हते.

ते डिसेंबर 2003 मध्ये कळले. पार्मालातच्या केमन बेटांवरील उपकंपनीच्या नावे बँक ऑफ अमेरिकेत सुमारे चार अब्ज युरो जमा असल्याचे दाखवले जात होते. बँकेने असे खातेच नसल्याचे, म्हणजे पुरावा म्हणून दिलेले पत्र बनावट असल्याचे जाहीर केले. हिशोबातील एकूण खड्डा 14 अब्ज युरोंच्या घरात निघाला. तान्झींना अटक झाली आणि पुढे शिक्षाही झाल्या. फुटबॉलच्या उधळपट्टीने कंपनी बुडवली, असे तेव्हा सर्रास बोलले गेले. ते खरे नाही. त्या खड्ड्यापुढे खेळाडूंवरचा खर्च किरकोळ होता; कंपनी बुडाली म्हणून क्लब बुडाला.

तरीही 2005 मध्ये सरकारी प्रशासकाच्या हाताखाली चाललेला हा संघ यूएफा चषकाच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि मॉस्कोतच सीएसकेएकडून 3-0 असा हरला. त्याच मोसमात बोलोन्याविरुद्धच्या प्लेऑफमध्ये त्याने सेरी आमधली जागा कशीबशी राखली.

दुसरे कोसळणे अधिक लाजिरवाणे होते. 2014 मध्ये सहावे स्थान मिळवून पार्मा युरोपा लीगसाठी, म्हणजे यूएफा चषकाच्या नव्या रूपासाठी, पात्र ठरला, पण प्राप्तिकराची काही लाख युरोंची रक्कम वेळेत न भरल्यामुळे परवाना नाकारला गेला आणि जागा तोरिनोला मिळाली. त्या हिवाळ्यात मालकी दोनदा बदलली, त्यातला एक व्यवहार एका युरोत झाला. फेब्रुवारी 2015 मध्ये उदिनेझेविरुद्धचा घरचा सामना स्टेडियममधील सुरक्षेसाठी पैसे नसल्याने पुढे ढकलावा लागला. पगार थकले होते, आणि खेळाडू स्वतःचे कपडे घरून धुऊन आणत होते. मार्चमध्ये न्यायालयाने क्लबला दिवाळखोर ठरवले.

पार्मा चौथ्या, हौशी श्रेणीत नव्याने उभा राहिला. अध्यक्षपद स्वीकारण्यासाठी स्काला परत आले, कर्णधार आलेस्सांद्रो लुकारेल्ली सेरी आ सोडून त्याच संघात थांबला, आणि हजारो चाहत्यांनी गावकुसाच्या संघांविरुद्धचे सामने पाहण्यासाठी पूर्ण मोसमाची तिकिटे घेतली. सलग तीन बढत्या मिळवून 2018 मध्ये क्लब सेरी आमध्ये परतला, तसा इटालियन फुटबॉलमध्ये दुसरा कोणताही क्लब तोवर परतला नव्हता. 2020 पासून तो अमेरिकन मालकीचा आहे. 2021 मध्ये पुन्हा खाली घसरला, 2024 मध्ये पुन्हा वर आला. या सगळ्या काळात युरोपीय स्पर्धेतला एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. शेवटचा सामना तो 2007 च्या फेब्रुवारीत, पोर्तुगालच्या ब्रागाविरुद्ध खेळला होता.