दारावरचा रक्षक आणि पोलिसिंगचे सिद्धान्त

पोलीस म्हणजे कोण, या प्रश्नाचे विसाव्या शतकातील समाजशास्त्राने दिलेले उत्तर मुख्यतः बळाभोवती फिरते. विशिष्ट भूप्रदेशात शारीरिक बळाच्या वैध वापराची मक्तेदारी जिच्याकडे असते ती राज्यसंस्था, असे माक्स वेबर यांनी 1919मध्ये सांगितले. पुढे 1970मध्ये एगॉन बिटनर यांनी पोलिसांचे वेगळेपण बळ वापरण्याच्या अधिकारातच शोधले. ही व्याख्या स्वीकारली, की दारावर नोंदवही घेऊन बसलेला, अटकेचा खास अधिकार नसलेला सुरक्षारक्षक सिद्धान्ताच्या चौकटीबाहेर पडतो. फार तर पोलिसांचा दुय्यम साथीदार एवढेच स्थान त्याला मिळते, आणि बराच काळ ते तेवढेच राहिले.

इतिहास मात्र इतका सरळ नाही. रॉबर्ट पील यांच्या कायद्याने 1829 साली लंडनमध्ये महानगर पोलीस दल उभे राहिले आणि आधुनिक पोलिसांचा आरंभ तेथून मोजण्याची प्रथा पडली. पण त्याआधी, 1798मध्ये, थेम्स नदीवरील मालाची चोरी रोखण्यासाठी जे दल नेमले गेले त्याचा बहुतेक खर्च वेस्ट इंडीजशी व्यापार करणाऱ्यांनी उचलला होता, आणि सरकारने ते ताब्यात घेतले ते दोन वर्षांनी. अमेरिकेत पिंकर्टन या खासगी गुप्तहेर व सुरक्षा संस्थेची माणसे 1892मध्ये पेनसिल्व्हेनियातील होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात संपकऱ्यांशी लढली, दोन्ही बाजूंची माणसे मेली, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने अशा संस्थांची माणसे सरकारी कामावर घेण्यास मनाई केली. कारखानदारांना मात्र ती मनाई लागू नव्हती.

सिद्धान्ताला खरे वळण मिळाले ते 1980च्या दशकात, कॅनडात काम करणाऱ्या क्लिफर्ड शिअरिंग आणि फिलिप स्टेनिंग यांच्या लेखनामुळे. रक्षकाच्या कमरेला काय लटकते आहे यापेक्षा तो कोणाच्या जागेवर उभा आहे, हे त्यांनी पाहिले. व्यापारी संकुले, कार्यालयांचे मनोरे, करमणुकीची उद्याने अशा जागांत वर्दळ साऱ्या जनतेची असते, पण मालकी एकाची असते, आणि तेथील सुव्यवस्था म्हणजे काय हे ठरवतो तो मालक. डिस्ने वर्ल्डमधला त्यांनी नोंदवलेला प्रसंग प्रसिद्ध आहे. पायाला फोड आल्यामुळे शिअरिंग यांच्या मुलीने बूट काढले. काही मिनिटांतच बहामासच्या पोलिसाच्या वेशातील एक अत्यंत सौजन्यशील रक्षक पुढे आला आणि पाहुण्यांच्या सुरक्षिततेसाठी येथे अनवाणी चालता येत नाही, असे त्याने सांगितले. फोड असल्याने अनवाणी चालणेच बरे, हे उत्तर त्याने ऐकून घेतले, आणि तसे असेल तर आपल्याला उद्यानाबाहेर नेऊन सोडावे लागेल, असे तितक्याच नम्रपणे सुनावले. येथे ना गुन्हा घडला, ना शिक्षा झाली, ना कोणी आवाज चढवला. प्रवेश काढून घेण्याची शक्यता तेवढी पुरेशी ठरली.

याच दिशेने पुढे जात डेव्हिड बेली आणि शिअरिंग यांनी 1996मध्ये पोलिसिंगवरील राज्याची मक्तेदारी संपल्याचे मांडले. ट्रेव्हर जोन्स आणि टिम न्यूबर्न यांनी त्यावर आक्षेप घेतला, की अशी संपूर्ण मक्तेदारी मुळात कधी नव्हतीच, आणि बसवाहक किंवा उद्यानातील राखणदार यांच्याकडून सहज होणारी देखरेख कमी होत गेली तेव्हा त्या जागी रक्षक आले. हा आक्षेप मला अधिक पटतो. त्यात आणखी एक भर घालावीशी वाटते: रक्षकाचा ‘बाहेर व्हा’ हा शब्द चालतो तो मालमत्तेच्या कायद्यामुळे, आणि त्याचे कोणी ऐकले नाही तर शेवटी बोलावले जातात ते पोलीसच. म्हणून या व्यवस्थेला राज्याबाहेरची म्हणणे घाईचे ठरते. राज्याने मालकाला दिलेला अधिकारच तेथे रक्षकाच्या हातून वापरला जातो.

इयन लोडर आणि नील वॉकर यांनी 2007मध्ये सुरक्षा ही सार्वजनिक हिताची गोष्ट असल्याचा आग्रह धरला, तो या संदर्भात. पोलिसाने अडवलेल्या माणसाला निदान तत्त्वतः कारण विचारता येते, तक्रार करता येते, न्यायालयात जाता येते. रक्षकाने दारातून परत पाठवलेल्याला मात्र बहुतेक वेळा मालकाच्या नियमावलीचा एक फलक तेवढा दाखवला जातो.