कडक डोहाळे

‘हिला डोहाळे फार कडक लागलेत हो.’ तुमच्यापैकी बहुतेकांनी हे वाक्य घरात ऐकलं असेल. एवढं म्हणायचं, हातावर आवळासुपारी ठेवायची, की विषय संपला. पण काही जणींना घोटभर पाणीही टिकत नाही. शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास आला तरी त्या बेसिनकडे धावतात, वजन झपाट्याने उतरतं, लघवीत कीटोन येतात (उपाशी शरीर चरबी जाळू लागल्याची खूण), सलाईन लावावं लागतं. हा हायपरएमेसिस ग्रॅव्हिडॅरम. एके काळी डॉक्टरमंडळीच म्हणत, हिला मनातून मूल नको असणार! मला अजूनही त्याचा संताप येतो.

मार्लेना फेझो या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ बाईंनी हे स्वतः भोगलं. १९९९ साली याच आजारात त्यांचा गर्भ गेला. पुढे त्या याच प्रश्नाच्या मागे लागल्या. तोवर सगळा संशय एचसीजी या संप्रेरकावर होता, कारण त्याची पातळी आणि उलट्या साधारण एकाच सुमारास शिगेला पोचतात. २०१८ मध्ये त्यांच्या गटाने हजारो स्त्रियांचे जनुकसंच तपासले. बोट एचसीजीकडे गेलंच नाही, ते गेलं जीडीएफ१५ कडे. हे प्रथिन संप्रेरकासारखं रक्तातून फिरतं आणि मेंदूच्या देठाशी असलेल्या ग्राहीला, म्हणजे त्याचा संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला, चिकटून मळमळ उठवतं. गरोदरपणात वारेत ते भरपूर तयार होतं.

आता खरी गंमत ऐका. ज्यांना हा आजार होतो त्यांच्यात हे प्रथिन मुळात जास्त बनत असेल, असं आपल्याला वाटणार. निघालं उलटंच. या जनुकात एक दुर्मीळ बदल आहे, प्रथिन ज्या अमिनो आम्लांच्या साखळीने बनतं, तिच्यात २११व्या जागी सिस्टीनऐवजी ग्लायसीन. त्यामुळे प्रथिन पेशीबाहेर नीट पडत नाही, आणि एरवी रक्तातली पातळी कमी राहते. धोका नेमका अशा स्त्रियांना जास्त! जन्मभर गोड्या मसाल्यावर वाढलेल्या माणसापुढे एकदम कोल्हापुरी तांबडा रस्सा ठेवा, तसं. सवय नाही आणि मारा अचानक.

उलट बाजूचा पुरावाही मिळाला. बीटा थॅलॅसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांमध्ये जीडीएफ१५ कायमच चढलेलं असतं, आणि त्या स्त्रियांना गरोदरपणात मळमळ फारच कमी होते. इथे मी रुग्ण म्हणते आहे, नुसत्या वाहक नव्हे. उंदरांना आधी हे प्रथिन देऊन ठेवलं, तर नंतरच्या मोठ्या डोसाने त्यांचं खाणं तितकं तुटलं नाही. म्हणून गरोदरपणाआधीच पातळी हळूहळू वाढवता येईल का, हा विचार पुढे आला. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाने ती वाढते. पण उद्या कुणी मनानेच गोळ्या सुरू करू नका, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

मघाशी एका सासूबाईंनी मला हळूच विचारलं, ‘म्हणजे हे हिच्या माहेरकडूनच आलं ना?’ अर्धंच, काकू. २०२३ मध्ये केंब्रिजच्या स्टीफन ओराहिली यांच्या गटाने फेझोंबरोबर एक तपासणी केली. या प्रथिनात २०२व्या जागी कुणाकडे हिस्टिडीन असतं, कुणाकडे अ‍ॅस्पार्टिक आम्ल. आईकडे फक्त पहिला प्रकार आणि बाळाकडे दोन्ही, अशा जोड्या त्यांनी घेतल्या. आईच्या रक्तात दुसरा प्रकारही भरपूर सापडला. म्हणजे गरोदरपणी तिच्या अंगात फिरणारं जीडीएफ१५ जवळजवळ सगळं बाळाच्या बाजूचं होतं, आणि त्यातलं निम्मं तुमच्या चिरंजीवांच्या जनुकावरून बनलेलं.