घोडीचा तंग

श्रोतेहो, नमस्कार.

वैशाखातली गोष्ट. इंदूरला रामबागेत आमच्या भाच्याची वरात निघायची होती. घोडी दुपारी दोनपासूनच मांडवाबाहेर उभी. अंगावर जरीची झूल, कपाळावर मण्यांची झालर. झूल घसरली म्हणून मी सारखी करायला गेले, तर तंगाखाली, म्हणजे पोटाखालून आवळलेल्या पट्ट्याखाली, कातडं सोललेलं, त्यावर माश्या. बोट लागताच तिचं अंग थरथरलं, पण ती जागची हलली नाही. बादलीभर पाणी ठेवलं, ते तिनं मान वर न करता संपवलं. तोवर तिला पाणी द्यावं हे कुणाला सुचलं नव्हतं. मलाही नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी होते. जू जिथे घासतं, बैलाचा तोच खांदा तूप-हळदीनं चोळायचा. हात फिरला की जखम कळतेच! म्हणून मला हा विधी फार मोलाचा वाटतो.

आपला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही आधी कर्तव्यच सांगतो: ज्याच्या ताब्यात जनावर, त्यानं त्याची नीट काळजी घ्यायची. म्हातारा कुत्रा रस्त्यावर सोडून देणं हाही त्यात गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. हे मला अजिबात पटत नाही.

जनावराला हक्क असतात का? २०१४ साली जल्लिकट्टूच्या, म्हणजे तामिळनाडूतल्या बैलांच्या खेळाच्या, खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, माणसाचं हे कर्तव्य म्हणजेच जनावराचा हक्क. २०२३ मध्ये मात्र त्याच न्यायालयाचं घटनापीठ जनावरांना मूलभूत हक्क देण्यापर्यंत गेलं नाही. मला २०१४ चं म्हणणं पटतं. जिला दुखतं, तिचं आपण देणं लागतो. तिला ते मागता येत नाही, म्हणून काही ते फिटलं असं होत नाही.

याच कायद्याखालच्या १९६५ च्या नियमांप्रमाणे पारा ३७ अंशांवर गेला, की बारा ते तीन जनावराला गाडीला जुंपायचं नाही, ओझंही लादायचं नाही. पाठीवरचा नवरदेव हे माझ्या मते ओझंच.

भाच्याला मी ती जखम दाखवली. तो वरातीत पायी चालला. घोडेवाल्याला ठरलेले पैसे पुरते दिले, त्याचंही पोट तिच्यावरच आहे. तंग मात्र त्याच्याकडून तिथेच सोडवून घेतला.