कुठल्या वायरचं?

(अग्निशमन सेवा सप्ताहात एका निवृत्त अग्निशमन अधिकाऱ्यानं दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पुढच्या रांगांत प्रशिक्षण घेणारे सब ऑफिसर बसलेत आणि मागे सोसायट्यांचे चेअरमन-सेक्रेटरी. दोघांनाही एकच गोष्ट सांगणार आहे. कोणाला जास्त टोचते ते बघू.

माझ्या नोकरीचं तिसरं वर्ष. जुन्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानाला आग. पहाटे तीनला आगीची वर्दी, म्हणजे खबर, आली. सातपर्यंत पाण्याचा मारा, मग कूलिंग, म्हणजे धुमसणारं सगळं गार करणं. नऊला स्टेशनात परतलो, आंघोळ केली, चहा घेतला आणि अहवालातल्या ‘आगीचे कारण’ या रकान्यात लिहून टाकलं : शॉर्ट सर्किट. पुरावा होता ना! काउंटरमागे तांब्याची वायर सापडली होती, टोकाशी वितळून मण्यासारखा गोळा झालेली.

आठवड्यानं विम्याचा सर्व्हेअर आला. वयस्कर, शांत माणूस. त्यानं अहवाल वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “साहेब, कुठल्या वायरचं?”

मी म्हटलं, म्हणजे?

“म्हणजे पंख्याच्या, शोकेसच्या दिव्यांच्या, की मीटरकडून येणाऱ्या? आणि ती वायर मुळात तापली कशानं?”

मला उत्तर देता आलं नाही. पुढे कधी देता येईल अशी सोयही उरली नव्हती, कारण आगीच्या दिवशीच दुपारी जेसीबीनं सगळा मलबा उचलून नेला होता. न्यायला हरकत नाही, हे सांगणारा मीच. ती आग कशानं लागली, हे मला आजही माहीत नाही.

आता त्या मण्याबद्दल. तांबं वितळतं 1085 अंश सेल्सिअसला. वीज चालू असलेल्या दोन तारा एकमेकींना टेकल्या, म्हणजेच शॉर्ट सर्किट झालं, की ठिणगीच्या जागी तेवढाच भाग वितळतो आणि टोकाला गुळगुळीत गोळा तयार होतो. त्याच्या मागची तार जवळपास जशीच्या तशी असते. नुसत्या आगीत वितळलेली तार वेगळी दिसते, मेणबत्तीसारखी ओघळलेली, कुठे जाड कुठे बारीक. हा फरक तुम्हाला वर्गात शिकवतील, परीक्षेतही विचारतील. पण खरी मेख पुढे आहे. मणी एवढंच सांगतो की आग त्या तारेपाशी पोचली तेव्हा तारेत वीज होती. आग दुसरीकडे लागून तिथवर आली, प्लास्टिकचं आवरण जळालं आणि तारा टेकल्या, तरी मणी होतोच. म्हणजे तो आगीचा बळीही असू शकतो. मी बळीलाच आरोपी केलं होतं.

उद्याचा पेपर उघडा. कुठेतरी आग लागलेली असेल आणि ‘प्राथमिक अंदाजानुसार शॉर्ट सर्किट’ हे शब्द असतील. मी म्हणत नाही की ते दरवेळी खोटं असतं. विजेमुळे आगी लागतात, भरपूर लागतात. पण त्यातल्या पुष्कळ आगींत शॉर्ट सर्किट नसतंच, सैल जोड असतो. एसीच्या प्लगपाशी स्क्रू ढिला झाला. त्या सांध्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, समजा अर्धा ओहम झाला आणि दहा अँपिअर प्रवाह चालू आहे. गणित करा : दहाचा वर्ग गुणिले अर्धा, पन्नास वॉट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सोल्डरिंगच्या कांडीला पंचवीस वॉट पुरतात. ही त्याच्या दुप्पट उष्णता बोटाच्या पेराएवढ्या जागेत, आठवडेच्या आठवडे. आणि एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप बंद होणारा बोर्डावरचा स्विच, पडत नाही! का पडेल? प्रवाह वाढलेलाच नाही. मग घरमालक म्हणतो, “एमसीबी नवीन बसवलाय साहेब, शॉर्ट सर्किट होईलच कसं?” त्याचं बरोबर असतं आणि आपला अहवाल चुकलेला असतो.

जळलेली खोली वाचणं किती अवघड आहे, त्याचा एक दाखला. 2005 साली अमेरिकेत लास व्हेगासला आगीचा तपास करणाऱ्यांचं प्रशिक्षण होतं. खोल्या मुद्दाम पेटवल्या, फ्लॅशओव्हरनंतर साधारण दोन मिनिटं जळू दिल्या आणि विझवल्या. फ्लॅशओव्हर म्हणजे काय, तर छताखाली साचलेला धुराचा थर पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापतो आणि त्याच्या धगीनं खोलीतलं सगळं सामान जवळपास एकदम पेट घेतं. तर 53 जणांना विचारलं : खोलीचे चार भाग कल्पा, आग कुठल्या भागात सुरू झाली ते सांगा. पहिल्या खोलीत बरोबर उत्तर आलं तिघांचं. दुसऱ्या खोलीतही तिघांचंच. डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी चौघांत एकाचं बरोबर आलं असतं. हे लोक डोळे उघडे ठेवून चुकले, कारण जिथं सगळ्यात खोल जळलंय तिथंच सुरुवात झाली, असं त्यांना शिकवलेलं होतं. फ्लॅशओव्हर झाल्यावर आग हवेच्या मागे जाते. दारापाशी, खिडकीपाशी सगळ्यात जास्त जळतं. मूळ जागा कोपऱ्यात बिचारी त्या मानानं बरी असते.

ही चूक कागदावरच राहते असं नाही. टेक्ससमधल्या कॉर्सिकाना गावात 23 डिसेंबर 1991 रोजी एका घराला आग लागली, तीन लहान मुली गेल्या. फरशीवरचे जळाल्याचे डाग आणि काचेवरच्या जाळीदार भेगा पाहून तपासणाऱ्यांनी ठरवलं, ज्वलनशील द्रव ओतून आग लावली. 2004 मध्ये बापाला मृत्युदंड दिला गेला. तसे डाग नुसत्या फ्लॅशओव्हरनंही पडतात आणि तशा भेगा तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की येतात, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिलेलं आहे. पाणी मारणारे कोण? आपणच.

म्हणून माझ्या वर्गातला पहिला धडा हात खिशात घालण्याचा असतो. आपल्या जवानांना सवय असते की आग विझली की भराभर सामान खिडकीतून खाली. कूलिंगसाठी उपसावं लागतंच, पण सगळं एकदम का? विस्तव धुमसतोय तेवढंच हलवा. जिथं संशय आहे तो कोपरा दोरी लावून सोडा. आणि वीस वर्षं नोकरी झालेल्या लिडिंग फायरमनला “काका, तिथलं राहू द्या” हे सांगायला कालच रुजू झालेल्या पोराला धाडस लागतं. ते पुस्तकात येत नाही. मी मुद्दाम वर्गात त्याची तालीम घेतो, हसतात सगळे.

मग बोर्ड. एमसीबीची दांडी वर आहे, खाली आहे की मधे अडकलीय, याचा फोटो हात लावायच्या आधी. मधे अडकली असेल तर तिच्या पुढच्या तारेत वीज होती आणि काहीतरी घडलं. कोणीतरी ‘सुरक्षितता म्हणून’ सगळ्या दांड्या खाली ओढल्या, की साक्षीदार मुका झाला. आणि रॉकेल-पेट्रोलचा संशय असेल तर नमुना पॉलिथिनच्या पिशवीत भरू नका. वाफ उडून जाते. घट्ट झाकणाचा स्वच्छ पत्र्याचा डबा किंवा काचेची बरणी, सील, पंचांच्या सह्या आणि मग पोलिसांमार्फत न्यायसहायक प्रयोगशाळा.

मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झालीय. तुमच्याकडेच येतोय.

इमारतींची तपासणी शिकवताना आधी मी यादी द्यायचो. हायड्रंट, म्हणजे आगीसाठीच्या पाण्याचा नळ, आहे का, होज रील, म्हणजे पाण्याच्या पाइपाचं रीळ, आहे का, बरोबरच्या खुणा करा. पोरं अर्ध्या तासात खुणा करून परत. मग मी पद्धत बदलली. आता सांगतो, ही इमारत काल रात्री जळाली असं समजा आणि आगीचा अहवाल आज लिहा. कुठे लागली? धूर कुठून चढला? माणसं कुठे अडकली?

एका मुलीनं लिहिलेला अहवाल मी जपून ठेवलाय. चौदा मजली इमारत. तिसऱ्या मजल्यावर तिनं इलेक्ट्रिकल डक्टचं, म्हणजे केबली वर नेणाऱ्या उभ्या पोकळीचं, दार उघडलं. आत केबलींच्या पायाशी रद्दीचे गठ्ठे, दिवाळीचा आकाशकंदील आणि लहान मुलाची सायकल. तिनं टॉर्च वर मारला तर प्रकाश थेट चौथ्या, पाचव्या मजल्यावर. केबली जिथून स्लॅबमधून वर जातात तिथं अग्निरोधक सील हवं. तिथं मोकळी भोकं. म्हणजे डक्ट कसला, धुराडंच. जिन्याचं फायर डोअर आपोआप मिटायला हवं, त्याला वीट लावलेली. चोविस मीटरच्या वरचा रेफ्यूज एरिया, जिथं लोकांनी येऊन थांबायचं, तिथं टेबल टेनिस. गच्चीला कुलूप. पंप रूममध्ये पंपाचा स्विच ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर. विचारलं तर वॉचमन म्हणाला, “ऑटोवर ठेवला की मधेच आवाज करतो, पहिल्या मजल्यावाले भांडतात.” वरच्या लँडिंग व्हॉल्व्हला, म्हणजे जिन्यापाशी होज जोडायच्या तोटीला, चौरस सेंटीमीटरला साडेतीन किलो दाब मिळायला हवा, तिनं व्हॉल्व्ह उघडला तर आधी हवा, मग गंजाचं पाणी, मग काहीच नाही.

आणि फाइलमध्ये फॉर्म बी होता! 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानं वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसन्सधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा दाखला घेऊन द्यायचा असतो. जबाबदारी मालकाची, भोगवटादाराची. दाखला अगदी नीट होता, शिक्क्यासकट. त्या मुलीनं अहवालात शेवटी लिहिलं : ‘आग तिसऱ्या मजल्यावर लागली, माणसं अकराव्या मजल्यावर गुदमरली.’ त्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी तेवढं वाक्य वाचून दाखवलं. पंधरा दिवसांत रद्दी गेली. टेबल टेनिस जायला वर्ष लागलं.

तपासात दोन प्रश्न असतात, आणि आपण पहिल्यावरच थांबतो. दिल्लीचं उपहार थिएटर घ्या. 13 जून 1997, 59 माणसं गेली. पहिला प्रश्न, आग कशी लागली? तळमजल्यावर पार्किंगमधला ट्रान्सफॉर्मर. सकाळी त्यात बिघाड होऊन दुरुस्ती झाली होती. केबलचा जोड नीट न दाबता बसवलेला. संध्याकाळी तो सुटला, ठिणग्या उडाल्या, तेल गळून पेटलं. बघा, इथंही सैल जोडच. पण दुसरा प्रश्न : तळमजल्यावरच्या आगीत बाल्कनीतली माणसं का मेली? कारण धूर वर गेला आणि बाल्कनीत जादा खुर्च्या बसवताना एका बाजूची वाट बंद झाली होती. पहिल्याचं उत्तर वायरमनकडे आहे. दुसऱ्याचं उत्तर तपासणीला गेलेल्या अधिकाऱ्यानं टेप लावून मोजायचं असतं.

आणि हे आपल्यासाठीही आहे. 9 मे 2015, काळबादेवीची गोकुळ निवास. जुनी, लाकडी सांगाड्याची इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाच्या प्रमुखांसह चार अधिकारी आपण गमावले. त्यातल्या कोणाच्याही अनुभवाबद्दल बोलण्याची माझी पात्रता नाही. मी एवढंच करतो, की जुन्या पेठांतल्या तपासणीत पोरांना तुळया मोजायला लावतो. लाकडी किती, लोखंडी किती, जिना कशाचा, माळ्यावर वजन काय. कारण वर्दी रात्री येते आणि तेव्हा धुरात तुळई दिसत नसते.

बरं, उद्याचं. सकाळी सातला मैदानावर. कंटेनरची खोली केलीय : सोफा, टीपॉय, पडदा, देव्हारा, स्विचबोर्ड, मोबाईल चार्जर. आज दुपारी ती जाळली आणि विझवली. मला विचारत बसू नका, मी तिथं नव्हतो. माझ्या सहकाऱ्यानं पेटवली आणि कुठे, कशानं ते चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद केलंय. तुमच्यासोबत मीही उत्तर लिहून देणार आहे. गेल्या बॅचला मी चुकलो होतो. जुने शर्ट घाला, हातमोजे आणा, एक वही आणि पेन्सिल आणा. शाई ओल्या कागदावर पसरते. आणि ‘शॉर्ट सर्किट’ लिहिणार असाल तर खाली वायरचा नंबरही लिहा. तिथं सात वायरी आहेत.