आधी वाट, मग फाटक

नमस्कार श्रोतेहो. टोलचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पांना ऊत येतो. आज एकच फरक ध्यानात ठेवू या. नवा रस्ता बांधून टोल घेणं वेगळं, आणि लोकांच्या रोजच्या वाटेवर फाटक आणून बसवणं वेगळं. पुन्हा सांगतो : आधी वाट होती, फाटक मागाहून आलं. सगळं भांडण तिथलं.

तर चला वेल्सला, साल १८३९. तिथले रस्ते ट्रस्टांच्या ताब्यात. त्यांनी कर्ज काढायचं, फाटकं लावायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडून वसूल करायचं. शेतकऱ्यांची जमीन आंबट, तो आंबटपणा मारायला तिला चुना लागायचा. भट्टीवरून गाडी भरून निघालं की इथे फाटक, पुढे फाटक. म्हणजे शेताच्या आधी शेतकऱ्यालाच चुना लागायचा! (आपल्या कोकणातली जांभ्याची मातीही आंबटच.)

चुन्याच्या गाड्या आडवाटेनं निसटतात म्हणून एवाइलवेन या गावी नवं फाटक बसवलं. १३ मेच्या रात्री माणसं आली, बायकांचे झगे घालून, तोंडाला काजळी फासून. म्होरक्या टॉमस रीस, धिप्पाड गडी. त्याच्या अंगात बसेल असा झगाच मिळेना. शेवटी रिबेका नावाच्या एका थोराड बाईचा मागून आणला आणि म्होरक्याला ‘रिबेका’च म्हणू लागले, अशी दंतकथा आहे. कुणी म्हणतात, नाव बायबलमधलं. तिथल्या रिबेकाला आशीर्वाद मिळतो की तुझी संतती वैऱ्यांच्या वेशी काबीज करो. वेस काय नि फाटक काय!

पुढे पुढे तर याचं नाटकच झालं. म्होरक्या म्हणजे ‘रिबेका’, साथीदार म्हणजे तिच्या लेकी. ‘रिबेका’ आंधळ्या म्हातारीसारखी काठी टेकत यायची आणि फाटकाशी अडखळायची.

‘लेकींनो, वाटेत काहीतरी आडवं आलंय गं.’

‘काय आहे, आई? तुझी वाट अडवायची कुणाची छाती?’

‘दिसत नाही गं मला. फाटकच असावं.’

‘मग मोडूच की!’

आणि कुऱ्हाडी चालायच्या. दिवस उजाडला की नाकेदाराला नुसता लाकडांचा ढीग.

सरकारनं आधी फौज पाठवली, मग चौकशी आयोग नेमला. १८४४ साली कायदा आला. रस्ते जिल्ह्याच्या मंडळांकडे गेले, चुन्यावरचा टोल निम्मा झाला, आणि सात मैलांत टोल एकदाच. सात मैल, ऐकलंत ना? आपल्या राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या नियमांत दोन नाक्यांमधल्या अंतराचा हाच आकडा साठ किलोमीटरचा आहे. अर्थात पळवाटांसकट.

अमेरिकेनं तर १९१६ सालीच कायद्यात लिहून ठेवलं : केंद्राच्या मदतीनं झालेला रस्ता टोलमुक्त. पुढे अपवाद वाढत गेले. तरी पेनसिल्व्हेनिया राज्याला इंटरस्टेट ८० या महामार्गावर टोल बसवायचा होता, तेव्हा २०१० मध्ये केंद्रानं नाही म्हटलं. टोलचा पैसा दुसरीकडे वळणार होता ना!

आणि आपलं कोल्हापूर? शहरातले रोजचे रस्ते नव्यानं केले आणि वेशीवर नाके बसवले. आधी वाट, मग फाटक! प्रा. एन. डी. पाटील वयाची ऐंशी ओलांडून रस्त्यावर उतरले. ‘देणार नाही, देणार नाही, टोल आम्ही देणार नाही.’ २०१४ च्या जानेवारीत नाके पेटले. टोल रद्द झाल्याची घोषणा व्हायला मात्र २०१५ चा डिसेंबर उजाडला. झगे कुणी घातले नव्हते, एवढाच काय तो फरक.

वेळ संपली. नमस्कार.