पावसाआधीची फुलपाखरं

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्याच्या उत्तरार्धात पुण्याच्या वेताळ टेकडीवर कॅमेरा घेऊन गेलं, तर फुलपाखरांचे फोटो काढणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. गवत कुठे वाळून पिवळं, कुठे जळून काळं पडलेलं. सकाळी साडेनऊलाच ऊन डोक्यावर आल्यासारखं वाटतं. एखादं कॉमन इमिग्रंट, पांढुरकं-पोपटी, समोरून सुसाट जातं. त्याला थांबायला वेळ नसतो आणि खरं म्हणजे थांबण्यासारखं तिथे काही नसतंही. पंचांगातला वसंत आता सरत आला. फुलपाखरांचा वसंत मात्र अजून यायचाय, आणि तो आपल्याकडे मृगाबरोबर येतो. दोन-चार चांगल्या सरी पडल्या की टाकळा उगवतो, त्याची कोवळी पानं वर आली की इमिग्रंटच्या माद्या त्यावर अंडी घालायला लागतात. अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून फुलपाखरू, या सगळ्याला ढोबळमानाने तीन-चार आठवडे. म्हणजे जुलैत संख्या वाढायला लागते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात टेकडीवर कुठे बघू आणि कुठे नको असं होतं.

मग मधल्या या भाकड दिवसांत आमच्यासारखी माणसं काय करतात? हार्ड डिस्क लावतात आणि जुने फोटो काढून बसतात. घरचे म्हणतात, वेळ जात नाही म्हणून बसलाय. मला ते पटत नाही. फोटो काढणं हे अर्धं काम आहे. उरलेलं अर्धं घरी बसून, पंख्याखाली, स्क्रीनवर होतं, आणि ते पावसाळ्यात कधीच होत नाही. कारण पावसाळ्यात एका दिवसाचे फोटो बघून व्हायच्या आत दुसऱ्या दिवसाचे येऊन पडतात.

परवा मी दोन फोटो शेजारी शेजारी लावले. दोन्ही कॉमन इव्हनिंग ब्राउनचे. हे फुलपाखरू तुम्ही नक्की पाहिलेलं आहे. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी, अंगणात नाहीतर जिन्यात, पाचोळ्यातून उठून दोन हात पुढे जाऊन पुन्हा बसतं, ते हेच. पहिला फोटो ऑगस्टातला, मुळशीकडचा, भाताच्या बांधावरचा. पंख मिटलेले. खालच्या बाजूवर बारीक बारीक रेघा, आणि कडेने ओळीने डोळे. प्रत्येक डोळ्याला पिवळी कड, आत काळं बुबुळ, त्यात पांढरा टिंब. दुसरा फोटो फेब्रुवारीतला, आंब्याच्या पाचोळ्यातला. यात फुलपाखरू शोधायलाच मला क्षणभर लागतो. डोळे जवळजवळ गायब, त्यांच्या जागी टाचणीने टोचल्यासारखे ठिपके. पुढच्या पंखाचं टोक आकडीसारखं वळलेलं. रंग सुक्या पानाचा, आणि अंगसुद्धा असं कलतं धरलंय की वाऱ्याने पान पडावं. ज्याला माहीत नाही तो पैज लावून सांगेल की या दोन वेगळ्या जाती आहेत.

नुसतं तुम्हा-आम्हालाच तसं वाटतं असं नाही. पीकॉक पॅन्सी नावाचं नारिंगी रंगाचं, पंखावर मोराच्या पिसासारखे डोळे असलेलं फुलपाखरू आहे. त्याच्या कोरड्या ऋतूतल्या रूपाला पंखाखालून हुबेहूब पानाची शीर असते आणि मागच्या पंखाला देठासारखं टोक. पावसाळी रूपाला यातलं काहीच नसतं. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये या एकाच फुलपाखराला दोन नावं दिली, दोन जाती समजून. पुढे 1880 च्या दशकात कोलकात्याला लायोनेल द नीसव्हिल या अभ्यासकाने इव्हनिंग ब्राउनच्या कुळातली फुलपाखरं अंड्यापासून वाढवून बघितली, आणि ही एकाच जातीची दोन ऋतूंतली रूपं आहेत हे दाखवून दिलं.

कारणही समजून घेण्यासारखं आहे. पावसाळ्यात सगळीकडे हिरवं असतं, तपकिरी फुलपाखरू त्यात लपून लपणार किती? तिथे पंखाच्या कडेचे डोळे उपयोगी पडतात. सरडा किंवा पक्षी चोच मारतो ती त्या डोळ्यावर. पंखाचा तुकडा जातो, जीव वाचतो. उन्हाळ्यात उलट. पाचोळ्यात गप्प पडून राहायचं, म्हणजे डोळे हवेतच कशाला, ते उलट घात करतील. अळी वाढत असताना हवेतली ऊब किती आहे, यावरून पुढे कुठलं रूप येणार ते मुख्यतः ठरतं. आणि हे उन्हाळी फुलपाखरू नुसतं लपत नाही, ते वाट बघतं. गवत वाळलेलं असताना अंडी घालून उपयोग नाही, म्हणून पाऊस येऊन गवत फुटेपर्यंत ते दम धरून असतं. आत्ता, मी बोलतोय त्या घडीला, तुमच्या आवारातल्या आंब्याखाली असं एखादं बसलेलं असू शकतं.

हे मला टेकडीवर कधीच दिसलं नसतं. ऑगस्ट आणि फेब्रुवारी एका वेळी डोळ्यासमोर येतात ते फक्त स्क्रीनवर. म्हणून नव्याने फोटो काढायला लागलेल्या तरुण मंडळींना मी एकच गोष्ट परत परत सांगतो: कॅमेऱ्याची तारीख बरोबर लावा, आणि मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोत तारीख-वेळ उरत नाही. आणि तारीख नसली, तर इव्हनिंग ब्राउनच्या त्या दोन फोटोंची नुसती दोन चित्रं होतात.

स्क्रीनवर फोटो मोठा करून बघण्याची एक वेगळीच गंमत आहे. कॉमन मॉरमॉनचं उदाहरण घ्या. याची मादी वेगवेगळ्या वेषांत येते, म्हणून आपल्याकडे त्याला बहुरूपी म्हणतात. काही माद्या नरासारख्याच दिसतात. काही मात्र कॉमन रोझ किंवा क्रिमझन रोझ या दोन फुलपाखरांचं सोंग घेतात. ही रोझ मंडळी ईश्वरीच्या वेलावर वाढतात, तिथलं विष अंगात साठवतात, त्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. कढीपत्त्यावर आणि लिंबावर वाढलेल्या बिनविषारी मॉरमॉनला त्यांचे कपडे फुकटात मिळतात. पंखांवरून ओळखायला गेलात तर फसाल. फोटो मोठा करा आणि पोट बघा. खऱ्या रोझचं अंग लाल असतं, सोंगाड्याचं काळं. पंख नकलता आले, पण अंग रंगवायचं राहून गेलं! उडत्या फुलपाखरात हे टिपायला सराव लागतो. फोटोत मात्र चहा पीत पीत बघता येतं.

आता थोडं अप्रिय बोलतो. आपण ज्याला चांगला फोटो म्हणतो, म्हणजे मागे मऊ हिरवा पडदा, पुढे फुलावर पंख पसरून बसलेलं फुलपाखरू, सगळं कसं धारदार, तसे फोटो माझ्याकडेही भरपूर आहेत. ते कॅलेंडरला बरे. पण वर्षांनी त्यांच्याकडे परत गेलं तर सांगण्यासारखं त्यांच्यापाशी काही नसतं. मला पुन्हा पुन्हा उघडावासा वाटतो तो कॉमन जेझबेलचा एक फोटो. हे फुलपाखरू खालून पिवळंधमक, त्यावर काळ्या शिरा आणि कडेला लाल कुयऱ्या, म्हणून मराठीत त्याचं नाव हळदीकुंकू. फोटो खालून वर काढलेला, आकाश पांढरंफटक आलंय, फुलपाखरू बोटाच्या पेराएवढं. पण ते आंब्यावरच्या बांडगुळाच्या पानावर बसलंय आणि पोटाचं टोक पानाखाली वळवलंय. मादी अंडी घालतेय. एकेक नाही, दाटीवाटीने पुंजकाच. या एका फोटोत पुढच्या दोन महिन्यांची गोष्ट आहे. बागवाला बांडगूळ तोडतो तेव्हा त्याच्याबरोबर काय जातं, तेही त्यात दिसतं. आंब्यासाठी ते तोडावं लागतं, हे मलाही कळतं. पण गावकुसाबाहेरच्या एखाद्या म्हाताऱ्या झाडावरचं राहू दिलं तर कुणाचं काय जातं?

तेव्हा फुलाइतकंच पानाकडे लक्ष ठेवा. फुलावर बसलेलं फुलपाखरू जेवायला आलेलं असतं. पानावर घुटमळणारी, पायांनी पान चाचपून पुढच्या पानावर जाणारी मादी जागा शोधत असते. रुईवर प्लेन टायगर, एरंडावर कॅस्टर, जमिनीलगतच्या आंबुशीवर नखाएवढं पेल ग्रास ब्ल्यू, अशा जोड्या हळूहळू पाठ होतात. फोटोचं तंत्र त्यापुढे सोपं आहे. सकाळी लवकर जा, पंख शेकत बसलेलं फुलपाखरू जवळ येऊ देतं. तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका. मिटलेले पंख आणि लेन्स समोरासमोर एका पातळीत ठेवलेत तर पंखाची टोकापासून टोकापर्यंत रेघ न रेघ स्पष्ट येते. बाकी बरंचसं गुडघ्यांवर अवलंबून आहे. काही जण फुलपाखरू पकडून फ्रिजमध्ये ठेवतात, गारठून सुस्त झालं की फुलावर मांडून फोटो घेतात. असे फोटो स्पर्धांमध्येही येतात. मी त्यांना फोटो म्हणत नाही.

उन्हाळ्यात अगदीच राहवलं नाही, तर घाटातल्या किंवा कोकणातल्या ओढ्यावर जावं. आंबोली, पारपोली, ताम्हिणी, जिथे पाण्याची ओल शिल्लक आहे तिथे. ओल्या वाळूवर ब्ल्यूबॉटल, कॉमन जे, स्वोर्डटेल अशी फुलपाखरं खांद्याला खांदा लावून सोंड खुपसून बसलेली असतात. याला चिखलपान म्हणतात. ही पंगत जवळजवळ सगळी नरांची असते. पाण्याबरोबर त्यांना हवे असतात क्षार, विशेषतः सोडियम. पानाफुलांतून ते फारसं मिळत नाही. नर ते गोळा करतात आणि मिलनाच्या वेळी मादीला देतात, तिथून ते अंड्यांत जातं. वेगवेगळ्या वर्षांचे एकाच ओढ्याचे फोटो माझ्याकडे आहेत. ते लावून बसलो की फुलपाखरांआधी नजर पाण्याकडे जाते: यंदा ओल कुठवर होती, वाळू कुणी उपसली, गाड्या धुवायला लोक कुठल्या डोहापर्यंत खाली उतरायला लागले.

माझी भाची इंग्लंडमध्ये असते. तिकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हीच गत, फक्त उकाड्याऐवजी थंडी. तीही जुने फोटो काढून बसते आणि ब्रिमस्टोनची वाट बघते. हे पिवळं फुलपाखरू सदाहरित वेलींच्या पानाआड अख्खा हिवाळा काढतं आणि फेब्रुवारी-मार्चमधल्या पहिल्या उबदार दिवशी बाहेर पडतं. तिकडे 1976 पासून एक उपक्रम चालू आहे. ठरलेल्या वाटेवरून एप्रिल ते सप्टेंबर दर आठवड्याला चालायचं आणि दिसलेली फुलपाखरं मोजायची. चालणारे बहुतेक हौशी लोक. त्या नोंदींच्या जोरावर तिथे कुठली जात घटली, कुठली वर्षागणिक लवकर दिसू लागली, हे ठामपणे सांगता येतं. आपल्याकडे सह्याद्रीत सव्वातीनशेहून जास्त जाती आहेत, 2015 मध्ये ब्ल्यू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान देऊन महाराष्ट्राने देशात पहिला नंबर लावला. कौतुकाची गोष्ट आहे. पण गेल्या पन्नास वर्षांच्या दर आठवड्याच्या नोंदी आपल्यापाशी नाहीत. त्यांची थोडीफार भरपाई होऊ शकते ती तुमच्या-माझ्या कपाटातल्या अल्बममधून, तारीख आणि गाव लिहिलेलं असेल तर.

आमच्या सोसायटीच्या मागे पूर्वी मोकळा प्लॉट होता. रुई, एरंड, घाणेरी यांचं रान. माझे सुरुवातीचे बरेच फोटो तिथले, त्यातले निम्मे घाणेरीच्या फुलांवरचे. घाणेरी मूळची परकी आणि जंगलात बेसुमार फोफावणारी, तेव्हा ती गेली याचं मला दुःख नाही. पण तिच्याबरोबर रुई आणि एरंडही गेले, आणि आता तिथे पार्किंग आहे. प्लेन टायगर त्या बाजूला अधूनमधून येतं, एक फेरी मारतं आणि जातं.

टाकळा मात्र भिंतीच्या कडेने अजून उगवतो. पाऊस पडला की या वर्षी मी त्याच्या पानांचे रोज सकाळी फोटो काढणार आहे, फुलपाखरू असो वा नसो. अंडं उभं असतं, तांदळाच्या कणीहून बारीक, पांढरट. चष्मा लावून पान उलटसुलट केलं तर तुम्हालाही सापडेल. आमच्या माळीकाकांना आधीच सांगून ठेवलंय, काका, यंदा तेवढा टाकळा उपटू नका. ते म्हणाले, “साहेब, कमिटीला विचारा.” कमिटीची बैठक जूनच्या पहिल्या रविवारी आहे.

नमस्कार.